चिठ्ठी लिहिली, पत्र लिहिलं

काही वर्षांपूर्वी माझ्या फ्रेंचच्या वर्गात एक इंग्लिश बाई होत्या, नोकरीनिमित्त पुण्यात आलेल्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी विचारलं, ‘टेबल स्त्रीलिंगी का? त्यात बाईसारखं काय आहे?’ शेजारी साताऱ्याकडची एक मुलगी बसायची. तिला हा प्रश्न पडलाच नव्हता. बस ‘आली’ आणि ट्रक ‘आला’, हे तिला कोणी समजावून सांगितलं होतं? लिंग शब्दाला चिकटलेलं असतं, हे तिच्या कानाला लहानपणापासून ठाऊक होतं.

त्या बाईंची अडचण मात्र खरी होती. जुन्या इंग्रजीत तीन लिंगं होती. सूर्य स्त्रीलिंगी, चंद्र पुल्लिंगी, आणि बायको या अर्थाचा एक शब्द तर नपुंसकलिंगी! १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, त्याच्या आगेमागे शब्दांचे शेवट झिजू लागले आणि पुढच्या दोन-तीन शतकांत वस्तूंचं लिंग भाषेतून गेलं. पुढे ‘तू’ आणि ‘तुम्ही’ हा भेदही गेला. फ्रेंच शिकणाऱ्या इंग्रज माणसाला म्हणूनच ‘त्यू’ कोणाला म्हणायचं आणि ‘वू’ कोणाला, याची धास्ती वाटते. आपल्याला हे अंगवळणी पडलेलं असतं. लिंगाच्या बाबतीत मी सगळ्यांनाच एक गोष्ट सांगते : वहीत नुसतं ‘ताब्ल’ (टेबल) लिहू नका, ‘यून ताब्ल’ लिहा; ‘यून’ म्हणजे स्त्रीलिंगी ‘एक’. शब्द त्याच्या ‘यून’सकट पाठ झाला पाहिजे.

आता मला सगळ्यात आवडणारी जागा. ‘मी चिठ्ठी लिहिली’ हे फ्रेंचमध्ये ‘जे एक्री यून लेत्र’. पण ‘मी लिहिलेली चिठ्ठी’ म्हणायचं झालं तर ‘ला लेत्र क जे एक्रीत’. ‘एक्री’चं ‘एक्रीत’ झालं, कारण चिठ्ठी स्त्रीलिंगी आहे आणि ती क्रियापदाच्या आधी आली आहे. इंग्रजीभाषक इथे हैराण होतात. लिहिणारा मी, मग क्रियापद चिठ्ठीच्या मागे का जातं? आणि आपण? पत्र ‘लिहिलं’, चिठ्ठी ‘लिहिली’, लेख ‘लिहिला’. लिहिणारा मुलगा असो की मुलगी, क्रियापद कर्माच्याच मागे जातं.

हा योगायोग नाही. फ्रेंच जिच्यातून आली त्या लॅटिनमध्ये बोलणारा म्हणे, ‘माझ्याजवळ चिठ्ठी लिहिलेली आहे’. त्यातलं ‘लिहिलेली’ हे चिठ्ठीचं विशेषण. फ्रेंचने त्या ‘जवळ आहे’चं सहायक क्रियापद केलं आणि विशेषणाचं क्रियापद. आपल्याकडे संस्कृतमधल्या ‘मया पत्रिका लिखिता’ या रचनेतून प्राकृतमार्गे ‘मी पत्रिका लिहिली’ आलं. तिथेही ‘लिखिता’ मुळात विशेषणच. दोन्ही भाषांत विशेषणाचं क्रियापद झालं, तरी जुनं नातं त्यानं सोडलं नाही. मराठीत ते कर्म आधी येवो की नंतर, टिकतं. फ्रेंचने ते कर्म आधी आलं तरच ठेवलं. १६व्या शतकात क्लेमां मारो या कवीने हा नियम चक्क पद्यात सांगितला आणि इटालियनचा दाखला दिला. इंग्रजीतही ‘जवळ असणे’ या क्रियापदावरूनच असा भूतकाळ झाला, पण तिथल्या विशेषणांना लिंगवचनाचे प्रत्यय उरले नाहीत. जुळवायचं कशाशी?

‘मला हे आवडतं’ घ्या. फ्रेंचमध्ये ‘सा म प्ले’ : हे, मला, आवडतं. शब्दाला शब्द बसतो. इंग्रजीत ‘मी’ कर्ता होतो, त्यामुळे तिथून येणाऱ्याला वाक्य उलटं करावं लागतं.

सगळीकडेच आपलं पारडं जड आहे असं मी म्हणणार नाही. ‘ल’, ‘ला’, ‘अं’, ‘यून’ ही उपपदं, म्हणजे इंग्रजीतल्या ‘द’ आणि ‘अ’सारखे शब्द, मराठीत नाहीत. ती कुठे घालायची याचा अंदाज इंग्रजीभाषकाला आधी येतो. शब्दसंग्रहात तर तो कितीतरी पुढे असतो. न्यायालय, सरकार, स्वयंपाकघर यांतले शेकडो शब्द इंग्रजीने फ्रेंचकडूनच घेतले. त्यात फसगतही होते. ‘लिब्रेरी’ म्हणजे वाचनालय नव्हे, पुस्तकांचं दुकान.

मला काळजी वेगळीच आहे. आपली बहुतेक मुलं फ्रेंच शिकतात ती इंग्रजीतून समजावणाऱ्या पुस्तकांवरून. इंग्रजाला जे अवघड, ते त्यांनाही अवघड म्हणूनच शिकवलं जातं. साताऱ्याच्या त्या मुलीने एकदा निबंधात लिहिलं, ‘जे आबिते इसी दप्युई दझां’. तिला म्हणायचं होतं, मी इथे दोन वर्षांपासून राहते आहे. ‘जे आबिते’ हा भूतकाळ. फ्रेंच माणसाला ते राहणं संपल्यासारखं ऐकू येतं. ही चूक हमखास इंग्रजीभाषकाची, कारण इंग्रजीत अशा वाक्याला पूर्णकाळ लागतो. वर्गातल्या इंग्लिश बाईंनीही नेमकं हेच लिहिलं होतं.

मी तिला म्हटलं, ‘इंग्रजी बाजूला ठेव. आईला फोनवर कसं सांगशील?’

ती म्हणाली, ‘मी इथं दोन वर्षांपासून राहते.’

‘राहते. कोणता काळ?’

‘वर्तमान,’ म्हणाली, आणि तिने ‘जे आबिते’वर काट मारून ‘जाबीत’ लिहिलं.