शेंगदाण्याविना थाई नूडल्स

नमस्कार श्रोतेहो.

पॅड थाय म्हणजे तांदळाच्या नूडल्स, चिंच, ताडगूळ, फिश सॉस आणि वरून भरडलेले शेंगदाणे. घरात कुणाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असेल, तर वरचे दाणे वेचून भागत नाही. कढईला, डावाला, तेलाला लागलेला अंशसुद्धा त्रासाला पुरतो. म्हणून हा पदार्थ घरीच करावा. गोव्यात तर तो सोपाच. चिंच आणि सुंगटं, म्हणजे कोळंबी, आपल्याकडे आहेतच, ताडगुळाच्या जागी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिळणारा माडाचा गूळ घ्या. त्याने नूडल्सचा रंग जरा काळपट येतो, पण चव उत्तम.

चार जणांसाठी २०० ग्रॅम चपट्या नूडल्स पुरेत. त्या उकळू नका. साध्या पाण्यात अर्धा तास भिजवा. बोटाभोवती गुंडाळल्या जातील, पण दाताखाली अजून कच्च्या लागतील, एवढ्यावर निथळून घ्या. उरलेलं शिजणं कढईत सॉस पिऊन होतं. आधीच शिजलेल्या नूडल्सना सॉस शोषायला जागा उरत नाही, आणि त्यांचा गोळा होतो.

सॉससाठी चिंचेचा दाट कोळ चार मोठे चमचे, किसलेला गूळ तीन आणि फिश सॉस दीड. गूळ विरघळेपर्यंतच गरम करा. मोठा चमचाभर फिश सॉसमध्ये सुमारे १,४०० मिलिग्रॅम सोडियम असतं, आणि जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला २,००० च्या आत राहायला सांगते. तेव्हा वरून मीठ अजिबात नको. शाकाहारी मंडळींनी तेवढाच सोया सॉस घ्यावा.

आता दाण्याची जागा. दाणा कुरकुरीतपणा देतो आणि चिंचेची धार बोथट करतो. सुक्या खोबऱ्याचे पातळ काप मंद आचेवर बदामी भाजले, की ही दोन्ही कामं होतात. गोव्यात पहिला हात काजूकडे जातो. मात्र शेंगदाणा न सोसणाऱ्या अनेकांना काजूही बाधतो, म्हणून डॉक्टरांनी तपासून मोकळीक दिल्याशिवाय तो घालू नका. तेल खोबरेल वापरा, आणि नूडल्सच्या व सॉसच्या वेष्टनावरची अ‍ॅलर्जीची सूचना दर वेळी वाचा.

लोखंडी कढई कडक तापू द्या. एका वेळी दोघांपुरतंच करा. कढई भरली की आच पडते, पाणी सुटतं आणि परतायचं ते वाफवलं जातं. चमचाभर तेलात ठेचलेला लसूण, त्यावर सोललेली सुंगटं घाला. ती गुलाबी होऊन वळली की लगेच बाजूला काढा, नाहीतर चामट होतात. मग निम्म्या नूडल्स, निम्मा सॉस, आणि दोन मिनिटं सतत परतणं. कोरडं वाटलं तर पाण्याचा हबका मारा, तेल वाढवू नका. नूडल्स कडेला सारून मोकळ्या जागेत एक अंडं फोडा, थोडं थिजलं की मिसळा. सुंगटं परत घाला, सोबत ओंजळभर मोड आलेले मूग, किसलेलं गाजर आणि कांद्याची पात. लहान मुलं किंवा गरोदर बाई जेवणार असेल, तर मूग आधी नीट वाफवून घ्या.

खोबऱ्याचे काप मात्र ताटात वाढल्यावरच भुरभुरा. कढईतल्या वाफेने ते मऊ पडतात. लिंबाची फोड शेजारी ठेवा.