दुपारीच बंद पडणारी मशीन

(नागपुरातल्या एका वाचनालयाच्या हॉलमध्ये दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

हात वर करा बरं. गेम खेळता खेळता कॉम्प्युटर बंद पडतो म्हणून ज्यांनी कधी ना कधी फॉरमॅट मारला, त्यांनी. वा, पाऊण हॉल झाला. आता फॉरमॅट मारल्यावर ज्यांचं दुखणं खरंच गेलं, तेवढेच हात वर राहू द्या. दोन. त्यातला एक अर्धाच वर आहे.

बर्डीवर माझं रिपेअरिंगचं दुकान आहे, 20 वर्षांवर होऊन गेली. मी इंजिनिअर नाही. जे शिकलो ते लोकांच्या मशिनी उघडून शिकलो, एकदोन बिघडवूनही शिकलो. दुकानात आलेला माणूस काय होतं ते सांगतो. ते ऐकतो मी, पण मला हवं असतं ते ‘कधी होतं’. किती वाजता? गेम लावल्यावर किती वेळानं? त्या वेळी घरात दुसरं काय चालू होतं? या प्रश्नावर लोक माझ्याकडे असे बघतात, जसं काही मी पत्रिकाच मागितली.

गेल्या उन्हाळ्यात मानेवाड्याचा एक पोट्टा आला. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. मशीन थोरल्या भावानं 2017 साली जोडलेली. भाऊ पुण्याला नोकरीवर गेला तशी याच्या वाट्याला आली. सातव्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर, 16 जीबी रॅम, जीटीएक्स 1060 ग्राफिक्स कार्ड. म्हणे, “भाऊ, गेम लावला की सटकन बंद पडून राहिली. नुसतं कॉलेजचं काम केलं तर काहीच होत नाही.” तीनदा फॉरमॅट झाला होता. कोणीतरी ‘कार्ड गेलं’ म्हणून सांगितलं, तर वडिलांनी सेकंडहँड कार्ड घेऊन दिलं. तेही लावलं. बंद पडणं चालूच.

मी दोन दिवस मशीन दुकानात ठेवली. प्रोसेसर आणि कार्ड दोन्हींवर पूर्ण लोड टाकून रात्रभर चालवली. एकदाही पडली नाही. तो घेऊन गेला, आणि दुसऱ्या दिवशी साडेतीनला फोन : “भाऊ, पडली.”

त्याच्या घरी जाण्याआधी जरा थांबू, कारण मशीन बंद पडण्याच्याही जाती असतात. निळी स्क्रीन येते, कोड दिसतो, आणि दर वेळी कोड वेगळा असतो, तर मी आधी रॅमकडे बघतो. स्क्रीन दोन-तीन सेकंद काळी होऊन परत येते, तर तो ग्राफिक्सचा मामला. कार्डानं 2 सेकंदांत उत्तर दिलं नाही की विंडोज स्वतःच त्याचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, नव्यानं सुरू करते. कारण ड्रायव्हर असेल, कार्डही असेल. मशीन आधी रडतखडत चालते, गेम अडखळतो, पंखे ओरडतात, तर उष्णता. प्रोसेसर 100 अंशांच्या आसपास गेला की आधी स्वतःचा वेग कमी करतो. बंद पडणं ही त्याची शेवटची पायरी. आणि काहीही न सांगता, निळी स्क्रीन नाही, आवाज नाही, बटण दाबून लाइट घालवल्यासारखी जी मशीन जाते, तिथे मी वीज बघतो. पोट्ट्याची मशीन या जातीची होती.

इथे एक गडबड नेहमी होते. लोक विंडोजचं इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे मशीनच्या नोंदींची वही, उघडतात, तिथे ‘कर्नल पॉवर 41’ दिसतं, ‘पॉवर’ हा शब्द वाचतात आणि तडक एसएमपीएस, म्हणजे कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा, घ्यायला निघतात. अहो, त्या 41 चा अर्थ एवढाच, की मागच्या वेळी मशीन नीट शटडाऊन न होता गेली. तुम्ही बटण पाच सेकंद दाबून धरलं तरी तोच 41 येतो. पंचनाम्यात ‘इसम मृत अवस्थेत आढळला’ लिहितात ना, तेवढंच. कशानं मेला ते त्यात नसतं.

रॅमबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण तिथे पैसे न खर्चता बरंच होतं. पट्टी काढा, सोनेरी टोकांवर खोडरबर हलक्या हातानं फिरवा, कीस झटका, परत घट्ट बसवा. हसू नका, माझ्या दुकानातल्या किती मशिनी नुसत्या खोडरबरनं बऱ्या झाल्या याचा हिशेब मी गिऱ्हाइकाला सांगत नाही. मग रॅमच्या खोक्यावर 3200 लिहिलेलं असेल तर ती त्या वेगानं एक्सएमपीमुळे चालत असते. एक्सएमपी म्हणजे बायोसमधली, मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमधली, रॅमचा वेग वाढवायची सोय. नवीन असताना झेपतं, जुन्या बोर्डाला कधी झेपेनासं होतं. एक्सएमपी बंद करून आठवडाभर बघा. आणि मेमटेस्ट, म्हणजे रॅम तपासायचा प्रोग्राम, लावायची तर आपल्याकडे ती रात्री लावू नका. मे महिन्यात दुपारी लावा, खोली तापलेली असताना. रात्री शहाणी वागणारी पट्टी दुपारी चुका दाखवते, हे मी पाहिलंय.

उष्णतेचं गणित साधं आहे. पंख्यानं गार होणारी कोणतीही वस्तू खोलीपेक्षा गार होत नाही. परदेशातला यूट्यूबवाला 22 अंशांच्या खोलीत बसून 70 अंश दाखवतो. तीच मशीन तुमच्या 38 अंशांच्या खोलीत 86 वर जाईल, आणि ती बिघडलेली नसेल. धूळ काढा, प्रोसेसर आणि त्याच्या कूलरच्या मधली थर्मल पेस्ट चार-पाच वर्षांनी बदला, हे तुम्हाला माहीतच आहे. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा, भन्नाट फिरू देऊ नका, बेअरिंग जातं. आणि कृपा करून कॅबिनेट कूलरसमोर ठेवू नका. होळी झाली की कूलर निघतात आणि एप्रिलपासून माझ्याकडे पुढच्या जाळीवर पांढरा थर बसलेल्या मशिनी येतात. ओली हवा, त्यात आपलं खारं पाणी, त्यात धूळ : आत पार चिखल होतो.

तर मी मानेवाड्याला गेलो, मल्टिमीटर घेऊन. पोट्ट्याला सांगून ठेवलं होतं, वहीत वेळ लिही. त्यानं 11 वेळा लिहिल्या होत्या. 9 दुपारी एक ते पाचमधल्या, 2 संध्याकाळी सातच्या सुमाराच्या. सकाळची एकही नाही, रात्री अकरानंतरची एकही नाही. मी भिंतीतल्या सॉकेटवर व्होल्टेज लावून बसलो. 212 होतं. गल्लीतले कूलर, कोणाचा एसी, कोणाची पाण्याची मोटर लागत गेली तसं मीटर 180 च्या खाली उतरलं. याचा गेम चालूच. त्याची आई पन्हं घेऊन आली, जरा थांबली आणि म्हणाली, “भाऊ, त्या डब्ब्यात टक् वाजते ना, तवाच पडते याची मशीन.” डबा म्हणजे टेबलाखालचा यूपीएस. पंधरा मिनिटांत तो टक् वाजला आणि मशीन गेली. इतके दिवस तिला कोणी विचारलंच नव्हतं!

व्होल्टेज उतरलं की यूपीएस आतला रिले, म्हणजे आपोआप चालणारा स्विच, बदलतो, कधी व्होल्टेज चढवायला, कधी बॅटरीवर जायला. त्या ‘टक्’मध्ये काही मिलिसेकंद वीज तुटते. ती फट एसएमपीएसनं भरून काढायची असते. त्याच्या आत एक जाडजूड कपॅसिटर असतो, टाकीसारखा. पुरवठा तुटला तर साधारण 16 मिलिसेकंद त्याच्या साठ्यावर मशीन चालावी, असा नियम आहे. यूपीएसची फट बहुतेक वेळा 10 च्या आत असते. म्हणजे निभतं. पण कपॅसिटरमध्ये द्रव असतो आणि तो उष्णतेनं वाळतो. समजा त्याच्यावर 105 अंशांना 2000 तास लिहिलंय. ढोबळ नियम असा, की दर 10 अंश कमी झाले की आयुष्य दुप्पट. 75 अंशांना 16,000 तास, 85 ला 8,000. रोज चार तास वापर धरला तर एकीकडे 11 वर्षं, दुसरीकडे साडेपाच. मधले 10 अंश आपल्या गावाचे. वाळत वाळत टाकी लहान होते. मग नुसतं काम करताना वीज कमी लागते, तेवढा साठा पुरतो. गेम लावला की प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही ओढतात, फट भरायच्या आत टाकी रिकामी. दुकानात का नाही पडली? माझ्याकडे स्टॅबिलायझरवर मोठी लाइन आहे, तिथे टक् वाजतच नाही.

तरी मी लगेच एसएमपीएस बदलला नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर बरं कशानं झालं ते कळत नाही. आधी यूपीएस मधून काढून मशीन थेट भिंतीला लावली. त्या एसएमपीएसवर 100 ते 240 व्होल्ट छापलेलं होतं, तेव्हा 180 चं त्याला काही वाटायचं कारण नव्हतं. दोन दिवस, भर दुपारी, गेम चालू. एकदाही नाही. यूपीएसवर 100 वॅटचा बल्ब लावून पाहिला, बॅटरी ठीक निघाली. मग यूपीएस परत लावला, एसएमपीएस माझ्याकडचा चांगला लावला. टक्, टक्, टक्. गेम चालूच. तेव्हा कुठे नवीन एसएमपीएस घ्यायला सांगितलं. जुना उघडून कपॅसिटर बदलू का, असं त्यानं विचारलं. तुम्हीही विचाराल, म्हणून सांगतो : नाही. प्लग काढल्यावरही त्या टाकीत 300 व्होल्टच्या वर साठा राहू शकतो. ते काम ज्याला येतं त्यालाच करू द्या.

सेकंडहँड कार्ड त्यानं ठेवून घेतलं, थोडं जास्त वेगाचं होतं म्हणून. ‘गेलेलं’ जुनं 1060 मला देऊन गेला. ते माझ्या टेस्टिंगच्या मशीनवर लावलंय. लोकांच्या मशिनी तपासायला रोज तेच चालतं, या उन्हाळ्यातही चाललं.