मागांच्या मधे बिगफूट

[शटर अर्धं खाली. आत ट्यूबलाइटचा उजेड, बंद माग.]

सोलापूरच्या पूर्व भागातला हा टॉवेलचा कारखाना. माग चालू असले की इथं शेजारच्याशी बोलायचं तरी कानाशी तोंड न्यावं लागतं. आज दिवसपाळी सुटली आणि रात्रपाळी लागली नाही. मालकांचा पुतण्या आणि त्याचे मित्र इथं सिनेमा दाखवणार आहेत, आणि तो डोळ्यांपेक्षा कानांनी बघायचा सिनेमा आहे. म्हणून माग बंद.

[पांढरं थान उलगडतंय. दोघं शिडीवर, एक खाली ओरडतोय.]

पडदा घरचाच. टेरीचं न कापलेलं पांढरं थान, दोन पट्टे शेजारी शेजारी शिवलेले. टेरीत दोरा उभा असतो, त्यात उजेड मुरतो. चांगल्या रंगीत सिनेमाची त्यावर वाट लागली असती. हा सिनेमा मुळातच अंधारा, हलता, दाणेदार. त्याला टॉवेल मानवतो. थान ताणायला खाली बॉबिनांच्या पिशव्या बांधल्यात. भाड्याचा प्रोजेक्टर रिकाम्या बीमवर, म्हणजे ताण्याचं सूत गुंडाळायच्या रुळावर, चढवलाय आणि तो सरळ बसावा म्हणून खाली घडी घातलेले दोन नॅपकिन. स्पीकर मात्र पडद्याजवळ नाहीत. एक पार मागे, पाण्याच्या टाकीशी ठेवलाय. का, ते पुढं कळेल.

रात्रपाळीची मजुरी पीसवर असते, ती त्या दिवसापुरती बुडाली.

[लोक आत येतायत. चपलांचा ढीग. पोरं मागांच्या मधल्या गल्लीत बसतायत.]

सिनेमा आहे 'विलो क्रीक', 2013 सालचा. दिग्दर्शक बॉबकॅट गोल्डथ्वेट, मूळचा विनोदी नट. एक तरुण, त्याची मैत्रीण आणि एक कॅमेरा. उत्तर कॅलिफोर्नियाच्या जंगलात दोघं बिगफूट शोधायला निघतात. बिगफूट म्हणजे दोन पायांवर चालणारा केसाळ, अवाढव्य प्राणी. दंतकथा जुनी, पण हे नाव गाजलं 1958 साली. ब्लफ क्रीकजवळ रस्त्याचं काम करणाऱ्या मजुरांना चिखलात सोळा इंची पावलं दिसली आणि पेपरात बातमी आली. 20 ऑक्टोबर 1967 ला त्याच भागात रॉजर पॅटरसन आणि बॉब गिमलिन यांनी 16 मिलिमीटरच्या फिल्मवर एक चालती आकृती टिपली. मिनिटभराचीसुद्धा फिल्म नाही ती. त्यावर भांडणं अजून चालू आहेत.

सिनेमातलं जोडपं तीच जागा शोधतंय. वाटेतल्या गावात बिगफूटचा पुतळा, बिगफूटचं संग्रहालय, सगळीकडे त्याचंच नाव. मागून एकजण ओरडतो, "नान्नजसारखंच की बे! पाटीवर माळढोक, माळावर पत्ता नाही." हशा पिकतो. सोलापूरजवळच्या नान्नजला 1979 साली ज्या माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य झालं, तो या पोरांतल्या कुणीच पाहिलेला नाही.

[पडद्याचा उजेड चेहऱ्यांवर.]

ही रात्र टिपताना आमचा कॅमेरा आम्ही बहुतेक वेळ माणसांकडेच ठेवला. अशा सिनेमाचं गणित साधं असतं. पात्रांच्याच हातात कॅमेरा, म्हणजे वेगळी प्रकाशयोजना नको, पार्श्वसंगीत नको आणि राक्षस बनवायचा खर्चही नको. 1999 साली 'ब्लेअर विच प्रोजेक्ट'मध्ये नटांनीच चित्रीकरण केलं आणि ही तऱ्हा जगभर पोचली. वाचलेला सगळा खर्च प्रेक्षकाच्या डोक्यातून वसूल होतो, फक्त त्याला अंधार लागतो आणि शेजारी माणूस लागतो. इथल्या दोघांनी हाच सिनेमा आधी फोनवर पाहिला होता. तंबूचा प्रसंग त्यांनी बोटानं पुढं ढकलला होता.

[अक्कांचे हात, जवळून.]

या अक्का शेजारच्या चाळीतल्या. मांडीवर सूप. पानं दुपारीच भिजवून, कापून आणलीत. पान, चिमूटभर तंबाखू, वळी, दोऱ्याचा वेढा, टोकं आत. नजर पडद्यावर, हात आपले चालू. एक विडी, दुसरी विडी.

आणि तंबूचा प्रसंग लागतो. रात्र, दोघं तंबूत बसलेली, कॅमेरा समोर एका जागी. सुमारे 18-19 मिनिटं एकही कट नाही. लांबून लाकडावर लाकूड आपटल्याचा आवाज. मग काही नाही. मग पुन्हा, जरा जवळ. टाकीशी ठेवलेला स्पीकर यासाठीच होता: आवाज पाठीमागून येतो आणि सगळी गल्ली मागे वळून बघते.

[हात. अर्धी वळलेली विडी.]

"बाहेर जाऊ नको बे," कुणीतरी पडद्यातल्या माणसाला बजावतं. एवढ्याच आवाजावर चारजण दचकतात.

[ट्यूबलाइट लागते. फरशीवर खडूची रेघ.]

सिनेमा संपल्यावर चहा येईपर्यंत खरंखोटं सुरू झालं. पुतण्यानं सांगितलं, की 2002 साली रे वॉलेस नावाचा ठेकेदार वारला तेव्हा त्याच्या घरच्यांनी लाकडी पावलं बाहेर काढली. 1958 चे ठसे त्याचेच, असं त्यांचं म्हणणं. कारखान्याच्या जॉबरनं, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्यानं, लगेच टेप काढून फरशीवर सोळा इंच आखले. "दुपारच्या सुट्टीत कोरून देतो. पण वजन लागेल, नाहीतर ठसा खोल जाणार नाही."

मग आपलाच एखादा सिनेमा का नको, इथवर गाडी आली. बिगफूट इथं चालणार नाही, चकवा घ्यावा, हे लगेच ठरलं. माणूस रात्रभर चालतो आणि पहाटे निघाल्या जागीच येतो.

"माळावर आडोसाच नाही, लपणार कुठं तो?"

"चकव्याला लपायचं कशाला? तो दिसतोय कुठं!"

"रात्री अभयारण्यात जायचं तर वनखात्याची परवानगी काढावी लागंल."

"मग इथंच करू. पंख्याची पाती बंद, मेन स्विच बंद, आणि एकच माग आपोआप सुरू झाला."

मालक एवढा वेळ गप्प होते.

"करा की," ते म्हणाले. "पण सुट्टीच्या दिवशी. अजून एक रात्रपाळी देणार नाही."