रांगेतली केळी

श्रोतेहो, नमस्कार.

केळं सरळ का नसतं, असा प्रश्न रावेर-यावल पट्ट्यात कुणी विचारला, तर लोक त्याला आधी पाणी पाजतील आणि मग कुठल्या गावचा म्हणून विचारतील. पण याच वाकडेपणावरून ब्रिटनमध्ये वीस-बावीस वर्षं राजकारण रंगलं. १९९४ साली युरोपीय संघाने केळीचा एक नियम केला. केळं किमान १४ सेंटिमीटर लांब हवं, २७ मिलिमीटर जाड हवं, आणि त्याला जगावेगळा बाक नको. झालं! युरोपवाल्यांनी वाकड्या केळीवर बंदी घातली, अशी ओरड तिकडच्या वर्तमानपत्रांनी सुरू केली. ब्रिटनने या संघातून बाहेर पडावं, म्हणजे ब्रेक्झिट व्हावं, की नाही यावर २०१६ मध्ये मतदान झालं. त्याच्या प्रचारात बाहेर पडा म्हणणारे पुढारी बोरिस जॉन्सन तर म्हणाले, की दोन-तीनपेक्षा जास्त केळी एका झुबक्यात विकायला बंदी आहे. नियम बरोबर उलटा होता: फणीच्या तुकड्याला किमान चार केळी हवीत.

आता हा नियम का केला असेल, हे तुम्हाला मी काय सांगू? निर्यातीचा माल भरताना शेतात काय चालतं ते तुम्ही रोज बघता. घड उतरवला, फण्या कापल्या, चीक धुतला, बारीक फणी बाजूला टाकली, मग बॉक्स. दुबईचा व्यापारी काही बांधावर येऊन बसत नाही. बॉक्समध्ये काय असणार हे त्याला माहीत असतं, म्हणून फोनवर सौदा होतो. संघातल्या सगळ्या देशांनी मिळून एकच माप ठरवलं, तर एका देशात तपासलेला बॉक्स दुसऱ्या देशात पुन्हा फोडावा लागत नाही. नियमाची चेष्टा करणाऱ्यांच्या हे लक्षात आलं नाही, किंवा आलं असेल तर ते बोलले नाहीत.

बॉक्स न फोडण्याची किंमत किती असते, हे मला एका ट्रकने शिकवलं. जीएसटी यायच्या कितीतरी आधीची गोष्ट. सावद्याकडून सुरतेला केळीचा ट्रक निघाला होता आणि मी हौसेने ड्रायव्हरशेजारी बसलो होतो. एप्रिल संपत आलेला. विक्रीकराच्या एका नाक्यावर आम्ही रात्री दहाला लागलो आणि सकाळी आठला सुटलो. पुढे लोखंडाची, कापडाची, तेलाची गाडी, प्रत्येकाची पावती निराळी आणि साहेब एकच. केळीवर कर नव्हताच. मी ड्रायव्हरला म्हटलं, मग आपण कशाला थांबायचं? तो बिडी विझवत म्हणाला, “कर नही शे रे भाऊ, पन रांग त शे ना!” पहाटे ताडपत्री वर करून पाहिलं, तर मधल्या थराला ऊब धरलेली. हिरवा माल गाडीतच पिवळा पडायला लागला होता. सुरतेला भाव पडून मिळाला. तो तोटा कुठल्याच सरकारी हिशेबात आला नसेल, कारण कर तर शून्यच होता.

ब्रेक्झिटचं अर्थकारण मला विचाराल तर या एका वाक्यात आहे. कर नाही, पण रांग आहे.

थोडा क्रम सांगतो. ब्रिटन १९७३ मध्ये युरोपच्या सामायिक बाजारात गेला. २३ जून २०१६ ला सार्वमत झालं, ५१.९ टक्के लोकांनी बाहेर पडायचा कौल दिला. दुसऱ्या दिवशी पौंड डॉलरसमोर असा घसरला, की तीस वर्षांत तेवढा खाली कधी गेला नव्हता. पौंड पडला की बाहेरून येणारं सगळं महाग होतं, आणि ब्रिटन भाजी-फळं मोठ्या प्रमाणात बाहेरूनच आणतो. ३१ जानेवारी २०२० ला तो देश रीतसर बाहेर पडला, पण जुनी व्यवस्था त्या वर्षाच्या शेवटापर्यंत चालू राहिली. डिसेंबर २०२० मध्ये करार झाला तो असा, की दोन्हीकडच्या मालावर आयात शुल्क शून्य. लोक म्हणाले, चला, सुटलो.

सुटले कसले? मटण-चीज पाठवायचं तर जनावरांच्या डॉक्टरचा दाखला आला. माल मुळात कुठला, हे सिद्ध करणं आलं. ही शेवटची अट मोठी गमतीची आहे. आपल्याकडचा एखादा शर्ट ब्रिटनला गेला, तिथे त्याच्यावर शुल्क भरलं, आणि गोदामातून तोच शर्ट आयर्लंडच्या दुकानात पाठवला, तर तिथे परत शुल्क. कारण शर्ट ब्रिटनचा नाही. करार शून्याचा, पण तो शून्य या शर्टाला लागू नाही.

मोठ्या कंपन्यांनी कागदांसाठी माणसं नेमली. मार बसला तो लहानाला. तिकडे चार-पाच छोटे व्यापारी मिळून एक ट्रक भरतात, आपल्याकडे भुसार माल भरतात तसा. त्यातल्या एकाच्या कागदावर चूक निघाली की सगळी गाडी उभी. मग दुसऱ्या वेळी ट्रकवाला लहान गिऱ्हाइकाला घेतच नाही. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या अभ्यासकांनी मोजलं, तर युरोपला माल पाठवणाऱ्या सुमारे १६,४०० ब्रिटिश कंपन्यांनी पाठवणंच बंद केलं होतं. ब्रिटिश सरकारचं अंदाजपत्रक तपासणारी जी स्वतंत्र संस्था आहे, तिचं गणित असं, की देशाची उत्पादकता दीर्घकाळात सुमारे ४ टक्के कमी राहील आणि आयात-निर्यात १५ टक्क्यांनी घटेल.

यात एक न्यायाची गोष्टही सांगितली पाहिजे. सार्वमताआधी तिकडच्या अर्थखात्याने भीती घातली होती, की कौल विरुद्ध गेला तर लगेच मंदी येईल. तशी मंदी आली नाही. त्यानंतर कोरोना आला, युक्रेनचं युद्ध आलं, आणि कोणता चटका कशाचा हे वेगळं करणं अवघड झालं. हे नुकसान गारपिटीसारखं एका दुपारी दिसत नाही. करप्यासारखं असतं: पान एकेक करून वाळतं आणि शेवटी घडाचं वजन भरत नाही.

माणसांचं काय झालं? खानदेशी श्रोत्यांना हे पटकन कळेल. सुरतेच्या उधना-लिंबायतमध्ये अहिराणी ऐकायला मिळते, कारण साक्री, नंदुरबार, अमळनेरची किती घरं तिकडच्या मागावर जगली. उद्या सुरतेला जायला व्हिसा लागला तर? संघात असताना रुमानिया-बल्गेरियाची माणसं ब्रिटनच्या शेतावर स्ट्रॉबेरी तोडायला अशीच जात. ती वाट बंद झाली. सरकारने हंगामी मजुरांचे परवाने २०१९ मध्ये २,५०० ठेवले होते, ते दोनच वर्षांत ३०,००० करावे लागले. २०२१ च्या पावसाळ्याअखेरीस तर टँकरला ड्रायव्हर मिळेनात, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या आणि शेवटी लष्कराचे जवान टँकर चालवायला बसवले. बाहेरचे लोक नकोत म्हणून ज्यांनी मत दिलं, त्यांना पुढे युरोपऐवजी भारत, नायजेरियाची माणसं जास्त दिसू लागली.

बाहेर पडल्याचा एक फायदा मात्र खरा. ब्रिटन आता स्वतःचे करार स्वतः करू शकतो. २४ जुलै २०२५ ला भारताशी मुक्त व्यापाराचा करार झाला, त्यात आपल्या कपड्यांवरचं शुल्क काढायचं ठरलं. पण अमळनेर-शिरपूरच्या कापूसवाल्याने लगेच पेढे वाटू नयेत. शर्टाची किंमत आणि कापसाचा भाव यांच्यामध्ये जिनिंग, सूतगिरणी, माग, शिलाई, एवढी घरं आहेत, आणि प्रत्येक घर आपला वाटा आधी काढून घेतं.

ब्रिटनचं मत पडलं त्याला वर्ष झालं आणि १ जुलै २०१७ ला आपल्याकडे जीएसटी आला. ते नाके मांडायला निघाले, आपण विक्रीकराचे नाके उचलले. जीएसटीचा त्रास नाही असं मी म्हणणार नाही; माल नेताना लागणाऱ्या ई-वे बिलावरून ट्रक अडकलेले माझ्या ओळखीत आहेत. पण त्या नाक्यावरची रात्र मला आठवते.

आता ब्रिटनची सगळ्यात अवघड जागा. उत्तर आयर्लंड ब्रिटनमध्ये, आणि खालचं आयर्लंड युरोपीय संघात. मध्ये सुमारे पाचशे किलोमीटरची सीमा आणि ती ओलांडणारे दोनशेहून जास्त रस्ते. तिथे नाका बसवायचा, तर १९९८ च्या शांतता कराराने शमलेलं, दोन्ही आयर्लंड एक व्हावेत की नाही यावरचं जुनं भांडण पुन्हा पेटायची भीती. म्हणून तपासणी समुद्रावर नेली. परिणाम असा, की ब्रिटनमधून ब्रिटनच्याच एका भागात माल पाठवायला कागद लागू लागले. २०२३ मध्ये विंडसर इथे नवा समझोता करून तो जाच थोडा हलका केला, पण संपला नाही.

आपल्याकडे नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे. फलाटावरच्या बाकावर रेघ मारून दोन्ही राज्यांची नावं लिहिली आहेत. सुरतेच्या गाडीने जाल तेव्हा खाली उतरून त्या बाकावर बसा. रेघेच्या अल्याड चहा घ्या, पल्याड कप ठेवा. कुणी कागद मागणार नाही. गाडी मात्र थोडाच वेळ थांबते, तेवढं लक्ष ठेवा. नमस्कार.