पलटणीतून वर्गात

(गोव्यात सत्तरी तालुक्यातील वाळपई येथे शिक्षक आणि पालकांसमोर झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. 'सैनिकाचा शिक्षक कसा झाला' यावर मी बोलावं, असं संयोजकांनी सांगितलं आहे. लोक मला हा प्रश्न विचारतात तेव्हा बहुधा त्यांचं उत्तर ठरलेलं असतं. "सर, तुम्ही मिलिटरीतले, म्हणजे पोरांना चांगली शिस्त लावली असणार." फौजी शाळेत आला की त्याच्या हाती शिट्टी येते, पंधरा ऑगस्टची परेड येते, आणि दंगा करणाऱ्या मुलाची रवानगी त्याच्याकडे होते. ही कामं मी मनापासून केली. पण पलटणीतून शाळेत आणावी अशी खरी गोष्ट निराळी आहे. शिकणाऱ्याला आलं नाही तर जाब कुणी द्यायचा? या एका प्रश्नाचं उत्तर मी फौजेत शिकलो.

आपल्या सत्तरी तालुक्याला शिपाईगिरी नवी नाही. 1895 साली पोर्तुगीज सरकारनं इथल्या मराठा शिपायांना मोझांबिकला जायचा हुकूम सोडला. ते बंड करून नाणूसच्या किल्ल्यावर गेले आणि पुढे दादा राण्यांच्या उठावात सामील झाले. आमच्या लहानपणी या गोष्टी घरोघर सांगितल्या जात. मी मात्र बंडासाठी नव्हे, पोटासाठी गेलो. बारावी झाली, चोर्ल्याचा घाट चढून बेळगाव गाठलं आणि मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या सेंटरमध्ये भरती झालो.

तिथं पहिला धक्का भाषेचा होता. घरी आम्ही कोंकणी बोलायचो, शाळा मराठी शिकलो आणि परेड ग्राउंडवर सगळे हुकूम हिंदीत. माझ्या स्क्वाडमध्ये चंदगडचे, साताऱ्याचे, खानापूरचे रंगरूट होते. काहींना शाळा सोडून बरीच वर्षं झाली होती. शिकवणाऱ्याला तिथं उस्ताद म्हणतात. आमचे उस्ताद रायफल खोलणं-जोडणं शिकवायचे ते ठरलेल्या पायरीनं: आधी सांगायचे, मग करून दाखवायचे, मग आमच्याकडून करवून घ्यायचे, चूक तिथल्या तिथं सुधारायचे आणि पुन्हा सराव. शेवटच्या जवानाला जमलं नाही तोवर पुढचा धडा नाही. फायरिंगमध्ये रंगरूट नापास झाला की कंपनी कमांडर पहिल्यांदा उस्तादाला बोलावून घेत. 'मुलगाच ढ आहे' हे उत्तर तिथं चालत नसे. त्याचं कारणही कुणाला समजावून सांगावं लागत नव्हतं. डोंगरावर सेक्शनमधल्या, म्हणजे छोट्या तुकडीतल्या, दहा जणांपैकी नऊ जणांना नकाशा कळला आणि रात्रीच्या गस्तीत पुढे दहावाच चालत असेल, तर दहाही जण चुकणार.

फौज ही मोठी शाळा आहे, हे बाहेर फारसं कुणाला ठाऊक नसतं. सैन्याचा शिक्षण विभाग 1921 पासून आहे आणि त्याचं प्रशिक्षण केंद्र मध्य प्रदेशात पचमढीला आहे. बढतीसाठी जवानाला शिक्षणाच्या परीक्षा द्याव्या लागतात, त्यामुळे दिवसभर खंदक खणून आलेला माणूस संध्याकाळी गणितं सोडवत बसलेला मी पाहिला आहे. मी स्वतः पुढे नकाशावाचन शिकवू लागलो. तेव्हाच पत्राद्वारे बीए केलं, विषय भूगोल. हवालदार म्हणून निवृत्त झालो तेव्हा चाळिशी आली होती. बँकेच्या दारावर बंदूक घेऊन उभं राहायची नोकरी मिळत होती. ती सोडून फोंड्याला बीएडला बसलो. बाकी वर्ग विशीतल्या मुलामुलींचा.

शाळेत आलो आणि रंगरूट असतानाचे माझे दिवस डोळ्यांसमोर उभे राहिले. आपल्याकडे सरकारी प्राथमिक शाळेत मूल चौथीपर्यंत मराठीत किंवा कोंकणीत शिकतं आणि पाचवीला एकदम इंग्रजी माध्यमात येतं. घरात पुस्तक असलेली मुलं सावरतात. धनगरवाड्यावरून चालत येणारं पोर आठवी-नववीपर्यंत गप्प बसून काढतं. जवळ जाऊन विचारलं की खाली बघून म्हणतं, "सर, म्हाका कळना." आपण शिक्षक धडा संपवतो, पोर्शन पुरा झाल्याची नोंद करतो आणि पुढे जातो. तो पोर्शन कुणापर्यंत पोचला, हे वहीत कुठं लिहायची जागाच नसते. माझं शिक्षकांशी भांडण आहे ते एवढ्याच गोष्टीवर.

मग मी फौजेतला रेतीचा नमुना शाळेच्या आवारात आणला. चढाईच्या आधी जमिनीवर माती-रेतीचा डोंगर-नाल्यांसकट नकाशा उभा करतात आणि त्याच्याभोवती बसवून जवानांना हल्ल्याची योजना समजावतात, तो हा नमुना. आम्ही सत्तरी तालुका उभा केला. पूर्वेला सह्याद्री, चोर्ला, तिथून उतरणारे ओहोळ. म्हादई खानापूर तालुक्यात उगम पावते, सत्तरीत शिरते आणि पणजीपाशी मांडवी होऊन समुद्राला मिळते, ही सगळी वाट निळ्या रांगोळीनं काढली. वरून सुतळी ताणून चौकोन आखले आणि प्रत्येक चौकोनाला आकडे दिले. मग पन्नास हजारात एक प्रमाणाचा खरा नकाशा शेजारी ठेवला: दोन सेंटीमीटर म्हणजे एक किलोमीटर, आणि सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या तपकिरी समोच्च रेषा, उंचीत वीस-वीस मीटरच्या अंतरानं. रेषा दाटल्या की कडा, विरळ झाल्या की सपाटी. हे मुलांनी बोटानं रेतीवर चाचपून पाहिलं. घाटावर रात्रभर पाऊस कोसळला की साखळी शहराच्या बाजारापाशी वाळवंटी नदी का फुगते, हे मग कुणाला पाठ करावं लागलं नाही.

त्या वर्गात एक मुलगा होता, नाव सांगत नाही. इंग्रजीत स्वतःचं गाव लिहिताना अडखळायचा. तो उठला, एक ओहोळ पुसला आणि टेकडीच्या दुसऱ्या अंगानं काढला. "हांगा ना सर, थंय." म्हणजे इथं नाही, तिथं. नकाशाशी ताडून पाहिलं, त्याचंच बरोबर होतं. बापाबरोबर गुरं घेऊन तो तिथं रोज जायचा. त्या वर्षी त्याला सुतळीच्या चौकोनांवरून आकडे वाचायला आले, त्यावरून आलेख, आलेखावरून थोडं बीजगणित. दहावी तो दुसऱ्या खेपेला पास झाला. माझ्या लेखी तो आमच्या शाळेचा मोठा निकाल होता, आणि निकालाच्या फळ्यावर त्याचं नाव लागलं नाही याचं मला आजही वाईट वाटतं.

या वाटेनं आपल्या शेजारचाच एक थोर माणूस माझ्या आधी गेला आहे. जनरल जगन्नाथराव भोसले. जन्म 1906, गाव तिरोडे, पेडण्याच्या सीमेपलीकडच्या सावंतवाडी संस्थानातलं. इंग्लंडात सँडहर्स्टच्या लष्करी कॉलेजात शिकून ते मराठा पलटणीत अधिकारी झाले. 1942 मध्ये सिंगापूर पडल्यावर आझाद हिंद सेनेत गेले आणि नेताजींच्या सरकारात मंत्री होते. स्वातंत्र्यानंतर ते केंद्रात पुनर्वसन खात्याचे उपमंत्री झाले. फाळणीनंतर दिल्लीत आलेल्या निर्वासितांची मुलं ते बघत होते. 1954 मध्ये लाजपतनगरच्या कस्तुरबा निकेतनात त्यांनी या मुलांसाठी राष्ट्रीय शिस्त योजना सुरू केली. कवायत, व्यायाम, समूहगीतं आणि देशाची ओळख, असा तो कार्यक्रम होता. शिकवायला पुष्कळसे माजी सैनिकच घेतले होते. नाव शिस्तीचं होतं, पण घर जळताना पाहिलेल्या पोरांना चार मुलांच्या रांगेत आपली एक जागा आहे असं वाटावं, हे त्या कवायतीनं साधलं, असं मी मानतो. 1963 मध्ये भोसले गेले आणि दोनच वर्षांनी ती योजना राष्ट्रीय फिटनेस कोअरमध्ये विलीन झाली. सावंतवाडीला जाता-येताना आपण त्यांच्या मुलखातून जातो. शिक्षक म्हणून त्यांना आठवणारी माणसं मला फार थोडी भेटली.

आता फौजेतलं काय आणू नये, तेही सांगतो. रगडा, म्हणजे शिक्षा म्हणून दमवणं, आणू नये. जवानाला पगार असतो, तो स्वतःहून भरती झालेला असतो, वयानं मोठा असतो. दहा वर्षांच्या पोराला उन्हात पळवून त्याला अपूर्णांक येत नाहीत. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं शारीरिक शिक्षेला बंदी घातली, ती योग्यच आहे. दुसरं, हुकमाला 'का' विचारायचं नसतं, ही सवय फाटकाबाहेर ठेवून वर्गात यावं. 'का' विचारणारं मूल हेच शिक्षकाचं भाग्य. मला ते जमायला वेळ लागला, कारण अंगात मुरलेलं सहज निघत नाही.

पालकांना एकच विनंती. पुढच्या सभेत आपल्या मुलाचे गुण विचारून झाले की बाईंना आणखी एक विचारा: वर्गातल्या शेवटच्या मुलाला हे कळलं का? बाईंना राग येणार नाही. त्यांना तो प्रश्न कुणी विचारतच नाही.

समोर काही सुट्टीवर आलेले जवान बसलेले दिसतात. तुमच्यासाठी कामाच्या गोष्टी सांगतो. पदवी नोकरीत असतानाच पुरी करा, मुक्त विद्यापीठातून करता येते. बीएड आता दोन वर्षांचं आहे, त्या दोन वर्षांच्या घरखर्चाची तजवीज निवृत्तीआधीच करा. पहिली ते आठवीला शिकवायचं तर टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, लागते. माजी सैनिकांना सरकारी भरतीत वयाची सवलत असते, ती जाहिरात नीट वाचून मागून घ्या. कागदपत्रांचं काही विचारायचं असेल तर कार्यक्रम संपल्यावर या, मी इथंच थांबणार आहे.