बँजो हातात येतो तो कानातून

मंडळी, नमस्कार.

मंडळाच्या मागच्या संगीत संध्येत मी बँजो वाजवला, तेव्हापासून अनेकांनी एकच प्रश्न विचारला: हे कुठून सुचलं? कार्यकारिणीनं त्यावरच बोलायला सांगितलं. पण माझ्या एकटीच्या कहाणीपेक्षा प्रश्न मोठा आहे, म्हणून तो जरा रुंद करून घेते. माणसं बँजोकडे वळतात ती कशामुळे?

आधी एक खुलासा. आपल्याकडे मिरवणुकीत बँजो पार्टी असते, तिच्यातलं बटणांचं वाद्य निराळं. मी बोलते आहे ती अमेरिकेतल्या पाच तारांच्या बँजोबद्दल. गोल कडं, त्यावर ताणून बसवलेलं कातडं (हल्ली बहुधा प्लास्टिकचं) आणि लांब दांडी. पाचवी तार बाकीच्यांपेक्षा आखूड असते. तिची खुंटी वर टोकाला नसते, दांडीच्या मध्येच, पाचव्या पडद्यापाशी असते. ही तार सगळ्यांत उंच सुराची, आणि वाजते अंगठ्यानं. सतारीची चिकारी ज्यांच्या ओळखीची आहे त्यांना ही तार परकी वाटणार नाही. चाल पुढे चालू असते आणि हा एक सूर तिला सतत साथ देत राहतो.

बँजो शिकलेल्यांच्या हकिगती वाचताना आणि ऐकताना माझ्या लक्षात आलं, की वाद्यांची यादी समोर ठेवून, विचार करून बँजो निवडलेला माणूस फार विरळा. जवळजवळ प्रत्येकाच्या गोष्टीत एक ठरावीक क्षण असतो. कुणाचा तरी बँजो कानावर पडतो आणि त्यानंतर त्या माणसाला चैन पडत नाही.

या बाबतीत आपण नॉर्थ कॅरोलिनात राहतो हे आपलं भाग्यच. पुढे नावाजलेला लोकगायक झालेला पीट सीगर सतरा वर्षांचा असताना, १९३६ साली, वडिलांबरोबर ॲशव्हिलच्या लोकसंगीत महोत्सवाला आला. वडील संगीताचे अभ्यासक, घरात संगीत भरपूर. पण डोंगरातली साधी माणसं पाच तारांचा बँजो वाजवताना त्यानं इथं ऐकली आणि त्याची दिशाच बदलली. पुढे तो हार्वर्ड सोडून बाहेर पडला आणि आयुष्यभर हे वाद्य खांद्यावर घेऊन फिरला. १९४८ साली त्यानं बँजो शिकण्याचं एक छोटं पुस्तक स्वतः सायक्लोस्टाइल करून काढलं. पुढच्या पिढीतल्या कितीतरी वादकांनी पहिले धडे त्या पुस्तकातून गिरवले. ऐकलेलं आपल्यापाशी थांबू द्यायचं नाही, ही त्याची वृत्ती मला फार मोलाची वाटते.

अर्ल स्क्रग्जची गोष्ट निराळी. त्याचा जन्म १९२४ चा, शेल्बीजवळच्या फ्लिंट हिलमधला. वडील बँजो वाजवायचे, पण अर्ल चार वर्षांचा असतानाच ते गेले. बँजो घरात राहिला. तीन बोटांनी वाजवणारे वादक त्या भागात आधीही होते, त्यामुळे ती पद्धत अर्लनं शून्यातून काढली असं म्हणता येणार नाही. तो स्वतः सांगायचा ते असं: दहाएक वर्षांचा असताना भावाशी भांडण झालं, खोलीत एकटा जाऊन तो तंद्रीत बँजो छेडत बसला, आणि भानावर आला तेव्हा आपली तीन बोटं चालताहेत हे त्याच्या ध्यानात आलं. डिसेंबर १९४५ मध्ये तो त्या काळचा नावाजलेला गायक आणि मँडोलिनवादक बिल मन्रो याच्या वाद्यवृंदात दाखल झाला, आणि नॅशव्हिलच्या रेडिओवरून तो आवाज घराघरात गेला.

तो आवाज इतका जिव्हारी का लागतो, हे तालाच्या भाषेत सांगता येतं. बँजोचा सूर उमटतो तसाच पटकन विरतो. कातड्यावर बसलेल्या घोडीमुळे (तारा जिच्यावर टेकतात ती लाकडी पट्टी) तारेतली ऊर्जा चटकन बाहेर पडते. सूर लांबवता येत नाही, म्हणून वादक ती जागा आणखी सुरांनी भरतो. स्क्रग्जच्या पद्धतीत अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट आठ सुरांची एक साखळी विणतात, तिला रोल म्हणतात. पुढे जाणाऱ्या रोलमध्ये हे आठ सूर तीन, तीन, दोन असे पडतात. केरव्याच्या आठ मात्रांत असे आघात टाकून पाहा, अंगात काय होतं ते लगेच कळेल. पाय आपोआप हलायला लागतात. यात शिकण्या-समजण्याचा भाग नंतर येतो.

१९६२ मध्ये दूरचित्रवाणीवर एक विनोदी मालिका सुरू झाली. तिच्या शीर्षकगीतात स्क्रग्जचा बँजो होता. न्यू यॉर्कमध्ये आजी-आजोबांकडे बसून बेला फ्लेक नावाच्या लहान मुलानं तो ऐकला. शहरात वाढलेला मुलगा, डोंगराशी काही नातं नाही. ती ओढ त्याच्या मनात कित्येक वर्षं तशीच राहिली, आणि तो पंधरा वर्षांचा झाल्यावर आजोबांनी त्याला बँजो आणून दिला. आज हयात असलेल्या बँजोवादकांत त्याचं नाव बहुधा सगळ्यांत आधी घेतलं जातं. आपल्याला त्याचं आणखी एक अगत्य आहे. झाकीर हुसेन, राकेश चौरसिया आणि बासवादक एडगर मायर यांच्याबरोबर त्यानं केलेल्या संगीताला २०२४ मध्ये दोन ग्रॅमी मिळाले. तबला, बासरी आणि बँजो यांचं ते बोलणं ज्यांनी अजून ऐकलं नसेल त्यांनी जरूर ऐकावं. तबल्याचा बोल आणि बँजोचा सूर दोन्ही कातड्यावरून उठतात, आणि एकमेकांच्या मध्ये ते किती सहज जागा शोधतात, हे ऐकताना मला दर वेळी आनंद होतो.

ऐकलेलं हातात कसं आणायचं, यासाठी लोकांनी काय काय केलं आहे! स्टीव्ह मार्टिन, आपल्याला नट म्हणून माहीत असलेला, मिनिटाला तेहतीस फेऱ्या घेणारी रेकॉर्ड सोळाच्या गतीवर लावायचा. सूर खाली यायचा, म्हणून बँजोही तितका उतरवून घ्यायचा आणि एकेक सूर वेचायचा. कॅरबरोची एलिझाबेथ कॉटन लहानपणी, भाऊ कामावर गेला की गुपचूप त्याचा बँजो काढायची. ती डावखुरी. वाद्य उलटं धरून तिनं स्वतःची रीत बसवली, आणि पुढे तिच्या गिटारवादनाची ओळख तीच झाली. डीप गॅपच्या डॉक वॉटसनला, जन्मल्यानंतर लवकरच दृष्टी गेलेल्या मुलाला, वडिलांनी स्वतःच्या हातानं बँजो बनवून दिला. पुढे डॉकची एक रेकॉर्ड अबिगेल वॉशबर्न नावाच्या तरुणीनं ऐकली. तिला चीनमध्ये जाऊन कायद्याचं शिक्षण घ्यायचं होतं. ते राहिलं, आणि ती बँजोवर इंग्रजीबरोबर चिनी भाषेतली गाणी गाऊ लागली.

व्हर्जिनियाच्या डोंगरातला राल्फ स्टॅन्ली सांगायचा, की आईनं त्याला विचारलं होतं, पाच डॉलरमध्ये डुकरीण घ्यायची की बँजो. त्यानं बँजो घेतला, आणि पहिली चाल आईनंच वाजवून दाखवली. शेतकऱ्याच्या घरातल्या त्या पाच डॉलरांचं वजन आपल्यातल्या पुष्कळांना वेगळं सांगायला नको.

आता एक गोष्ट मी मुद्दाम थोडी सावकाश सांगणार आहे, कारण तिच्याशिवाय बँजोबद्दल बोलणं मला योग्य वाटत नाही.

हे वाद्य आफ्रिकेतून आलेल्या माणसांचं आहे. गुलाम करून जहाजांत भरून आणलेल्या लोकांनी कॅरिबियन बेटांवर आणि या किनाऱ्यावर भोपळ्याच्या तुंब्यावर कातडं ताणून ते घडवलं. पश्चिम आफ्रिकेत जोला लोकांचं अकोंटिंग म्हणून वाद्य आहे: तुंबा, बकऱ्याचं कातडं, तीन तारा, त्यांतली एक आखूड आणि अंगठ्यानं वाजवायची. नखानं वरून खाली आघात आणि लगेच अंगठा, ही त्याची रीत. इथल्या डोंगरात जिला क्लॉहॅमर म्हणतात ती रीत तिच्या अगदी जवळची आहे. गांबियाचे डॅनियल जट्टा यांनी अकोंटिंग अभ्यासकांपुढे आणलं, त्यामुळे हे नातं आपल्याला इतकं स्पष्ट दिसतं. शेजारच्या साउथ कॅरोलिनात १७३९ मध्ये गुलामांनी स्टोनोपाशी केलेल्या उठावानंतर, १७४० च्या कायद्यानं त्यांना ढोल आणि शिंगं वाजवायला बंदी केली. पण बँजो टिकला: त्याच राज्यात अठराव्या शतकाच्या अखेरीस रंगवलेल्या एका चित्रात तुंब्याचा बँजो वाजवणारा माणूस दिसतो.

पुढे गोऱ्या कलाकारांनी तोंडाला काळं फासून, काळ्या माणसांची टिंगल करणारे खेळ रंगमंचावर आणले. १८४३ मध्ये न्यू यॉर्कमध्ये त्याचा पूर्ण कार्यक्रमच उभा राहिला आणि तो प्रकार देशभर पसरला. बँजो त्या खेळांचं मुख्य वाद्य होतं. ज्यांनी वाद्य घडवलं त्यांनाच अपमानित करायला ते वापरलं गेलं. नंतर गिटार आली, संगीत बदललं, आणि काळ्या समाजात बँजो मागे पडला. त्याला कारणं अनेक, पण हा अपमान त्यांतलं एक होतं असं मी मानते.

म्हणून २००५ चा एप्रिल मला महत्त्वाचा वाटतो. आपल्याच राज्यातल्या बून इथं काळ्या बँजोवादकांचा आणि अभ्यासकांचा मेळावा भरला. तिथं आलेल्यांत ग्रीन्सबरोची रायानन गिडन्स होती. ऑपेराचं शिक्षण घेतलेली गायिका. ती, डॉम फ्लेमन्स आणि जस्टिन रॉबिन्सन हे तिघं मेबनला जो थॉम्पसन यांच्या घरी जाऊ लागले. जो थॉम्पसन फिडल, म्हणजे व्हायोलिन, वाजवायचे, वय ऐंशीच्या पुढे. बँजोवर त्यांना साथ करणारे चुलतभाऊ ओडेल आधीच वारले होते. दर गुरुवारी हे तिघं त्यांच्यासमोर बसायचे आणि ते वाजवतील तसं वाजवायचे. लिहून घेणं नाही, स्वरलिपी नाही. गुरुमुखी विद्या म्हणजे काय ते आपल्याला माहीत आहे. ती इथून तासाभराच्या अंतरावर, या पद्धतीनं चालू होती. त्या तिघांच्या वाद्यवृंदाला पुढे ग्रॅमी मिळाला, गिडन्सला २०२३ मध्ये ऑपेरासाठी पुलित्झर मिळालं. पण तिला बँजोकडे नेलं ते, हे वाद्य आपल्याच माणसांचं आहे या जाणिवेनं. कानातून आलेल्या ओढीबरोबर आपलं हरवलेलं परत घ्यायची ओढ तिथं होती. ती माझ्यापाशी असू शकत नाही, आणि तिचा मान राखूनच मी हे वाद्य हातात घेते.

माझं कारण साधं आहे. एका ग्रंथालयाच्या आवारात काही जण गोल करून वाजवत होते, मी मुलाला घेऊन तिथून चालले होते. बँजो म्हणजे उत्साही, हसरा आवाज अशीच माझी समजूत होती. पण त्यातल्या एका बाईंनी तारा वेगळ्या लावल्या होत्या. त्या जुळणीला इथं सॉमिल म्हणतात: नुसत्या मोकळ्या तारा छेडल्या तर त्यांत षड्ज, मध्यम, पंचम ऐकू येतात, गंधार नसतोच. त्या चालीत अंगठ्याचा सूर अखंड वाजत होता, आणि चाल कोमल निषादावरून खाली येत होती. लहानपणापासून तंबोरा ऐकलेल्या कानाला ते ऐकून थांबावंच लागतं. मी थांबले. त्या बाईंनी विचारलं, हातात घेऊन बघायचाय का?

हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. ऐकून ओढ लागते, पण ती टिकते ती कुणीतरी वाद्य पुढे केल्यामुळे. वर सांगितलेल्या कितीतरी गोष्टींत असं माणूस आहे: आई, वडील, आजोबा, मेबनचे म्हातारे थॉम्पसन. आपल्या मुलांना आपण वर्ग लावतो, परीक्षा देववतो, ते चांगलंच आहे. पण समोर बसून वाजवणारा जिवंत माणूस त्यांनी कधी पाहिला, याचा आपण विचार करत नाही. मला वाटतं शिकवणी लावण्याआधी निदान एकदा तरी मुलांना अशा गोलात नेऊन बसवावं. कुठल्याही वाद्याच्या.

बँजोचा नवशिक्याला एक मोठा आधार आहे. नेहमीच्या जुळणीत मोकळ्या तारा छेडल्या की जी मेजरचा पूर्ण स्वरमेळ वाजतो, डावा हात न लावता. त्यामुळे पहिल्याच दिवशी कानाला गोड लागेल असं काहीतरी निघतं. मग उजव्या हाताला नखाचा आघात आणि अंगठा यांची सवय लागायला वेळ द्यावा लागतो, तो मात्र चुकत नाही. घरी वाजवायला पाठीमागून उघडा असलेला बँजो बरा, त्याचा आवाज मऊ असतो. मागे लाकडी तबकडी असलेला अधिक खणखणीत, तो स्क्रग्जच्या पद्धतीसाठी.

मी आज दोन बँजो आणले आहेत, दोन्ही लावून ठेवलेत. मध्यंतरात डाव्या बाजूच्या खोलीत मी बसणार आहे. मुलांना आधी पाठवा, मग तुम्हीही या.