मैत्रिणीच्या दारात आपलं घर

श्रोतेहो, नमस्कार.

मी खानापूर तालुक्यातल्या जांबोटीची. बेळगाव जिल्ह्यातल्या मराठी प्राथमिक शाळांत 36 वर्षं शिकवलं आणि 2023 मध्ये निवृत्त झाले. तेव्हापासून वर्षातले सहा-सात महिने मी आणि आमचे हे एका गाडीत राहतो. गाडीत म्हणजे खरोखर गाडीत. झोपणं तिथंच, स्वयंपाक तिथंच, पाऊस आला की कपडे वाळत घालणंही तिथंच. कोणी तिला आर.व्ही. म्हणतं, कोणी कारवान, कोणी कॅम्पर व्हॅन. आमच्या गल्लीतली पोरं 'घरगाडी' म्हणतात, आणि मला तोच शब्द पटतो.

चाकावरचं घर आपल्याकडे नवं नाही बरं का. चिंचलीच्या मायाक्काला कोल्हापूर-सांगलीकडून बैलगाड्या येतात, त्यात चूल, पीठ, अंथरूण सगळं असतं. ऊस तोडायला येणारी माणसं तर सगळा संसार गाडीवर टाकूनच येतात. आमच्या गाडीला इंजिन आहे आणि छतावर सोलर आहे, एवढाच फरक.

हे उद्यमबागेतल्या मशीन शॉपमध्ये फिटर होते. जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली आणि आतलं सगळं काम त्यांनी स्वतः केलं. एक गोष्ट मात्र आधी केली, आणि तुमच्यापैकी कोणाच्या मनात असेल तर तुम्हीही आधी तीच करा. गाडीत असा बदल करायचा तर आर.टी.ओ.ची परवानगी लागते आणि तो बदल आर.सी.वर चढवून घ्यावा लागतो. परवानगी आधी, सुतारकाम नंतर.

आत काय आहे? एक पलंग, त्याच्याखाली सामान. दोन बर्नरची शेगडी, पाच किलोचा छोटा सिलिंडर. शंभर लिटरची पाण्याची टाकी. शंभर लिटर म्हणजे शंभर किलो वजन, म्हणून ती मागे टोकाला बसवली नाही, चाकांच्या मधल्या भागात बसवली. बारा व्होल्टची दीडशे अँपिअर-अवरची बॅटरी. आणि जमिनीलगत, सिलिंडरच्या कप्प्यात, एक भोक. ते भोक फार महत्त्वाचं. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर वर जात नाही, खाली साचतो. खिडकी उघडी आहे म्हणून निर्धास्त राहू नका. वाट खालून हवी. परत सांगते, गॅसला बाहेर जायची वाट खालून हवी.

पण आज मला सांगायचंय ते मैत्रिणीबद्दल.

1981 ते 83 आम्ही बेळगावात टी.सी.एच., म्हणजे शिक्षिका होण्याचा कोर्स, केला. हॉस्टेलमध्ये मुली सगळ्या तालुक्यांतून आलेल्या. एका नावाच्या तिघी-तिघी असायच्या, म्हणून आम्ही एकमेकींना गावावरून हाका मारायचो. एक होती निपाणी, एक नंदगड, एक हलशी. मी जांबोटी. आणि माझ्या शेजारच्या कॉटवर होती कागवाड. दोन वर्षं आम्ही एका ट्रंकेवर पाटपाणी मांडून जेवलो. तिच्या लग्नाला, 1986 साली, मी मिरजमार्गे गेले होते. नोकरीची ऑर्डर आली तेव्हा ती सासरी कुडचीच्या पुढे कृष्णाकाठी रमली होती, घर मोठं होतं, ती नोकरीवर गेलीच नाही. काही वर्षं 15 पैशांची कार्डं येत-जात राहिली. मग माझ्या बदल्या झाल्या, तिची कार्डं जुन्या शाळेत जाऊन पडली असतील. 38 वर्षं आम्ही भेटलो नाही.

मोबाईल आल्यावर शोधली नाही का, असं तुम्ही विचाराल. शोधली. पण माझ्या लक्षात आलं की तिचं सासरचं आडनावच मला आठवत नव्हतं. तिलाही माझं ठाऊक नव्हतं. आमच्या पिढीच्या बायका अशाच हरवल्या. नवऱ्यांचे शाळूसोबती त्यांना आडनावानं सापडतात, आमचं आडनाव तर अर्ध्या वाटेत बदललेलं.

शेवटी निपाणीनं पत्ता लावला. म्हणाली, 2019 च्या पुरात त्यांच्या गावात पाणी शिरलं, तेव्हापासून ते गावात राहत नाहीत, मळ्यातल्या घरात राहतात. 2024 च्या मे महिन्यात आम्ही निघालो. संकेश्वर, चिकोडी, रायबाग करत दिवस मावळताना मळ्याच्या वाटेला लागलो. दोन्ही बाजूंना ऊस, मध्ये एक गाडी जाईल एवढीच वाट. अंगणात एक बाई म्हशीला आंबोण घालत होती. डोक्यावर पदर, कपाळावर ठसठशीत कुंकू, केस पांढरे. मी खाली उतरले. ती आमची एवढी मोठी गाडी बघून जागच्या जागी थांबली आणि कानडीत विचारलं, "याव ऊर्री?" कुठल्या गावच्या तुम्ही?

मी म्हटलं, "जांबोटी."

तिच्या हातातली बादली सुटली. आंबोण सगळं पायांवर सांडलं, तिला त्याचं भान नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "आलीस होय गं?"

इथं जरा थांबून एक बोलते. तिनं मला कानडीत विचारलं आणि मला ते कळलं, म्हणून मला उत्तर देता आलं. मी आयुष्यभर मराठी शाळेत मराठी शिकवली, तिच्यावर माझा जीव आहे. पण सीमेवर राहणाऱ्या प्रत्येक पोराला शेजारची भाषा आलीच पाहिजे, मराठी पोराला कानडी आणि कानडी पोराला मराठी. हे मी शाळेत सांगत आले, आज इथंही सांगते.

तर, तिची घरात धावपळ सुरू झाली. सुनेला म्हणाली, शिरा कर. नातवाला म्हणाली, गादी काढ. लेकाला गावात पिटाळायच्या बेतात होती. मी तिचा हात धरला. म्हटलं, "कागवाड, ऐक. गादी माझी आहे, पाणी माझं आहे, शेगडी माझी आहे. आज तू माझ्या घरी जेवायला ये." तिला कळेचना. मी तिला पायरीवरून आत घेतलं, पलंगावर बसवलं, डब्यातला कुंदा हातावर ठेवला. (कुंदा खमंग तपकिरीच हवा. पांढरट कुंदा मिळतो हल्ली, त्याला मी कुंदा म्हणत नाही.) ती हळूहळू मागे सरकली, पाय वर घेतले, मांडी घातली, भिंतीला टेकली. म्हणाली, "कोणाच्या घरी जाऊन असं टेकून बसल्याला मला किती वर्षं झाली, ठाऊक आहे तुला?"

श्रोतेहो, मला घरगाडीचं सगळ्यात मोठं मोल त्या क्षणी कळलं. आपण पाहुणे म्हणून गेलो की मैत्रीण चुलीपाशी अडकते. आपण आपलं घर घेऊन गेलो की ती आपल्याकडे येते. आपण तिच्याच अंगणात उभे असतो, पण पाहुणी ती असते.

आम्ही एक रात्र राहून निघणार होतो. पण रात्री वळीव आला. काय कोसळला! पत्र्यावर असा ताशा वाजत होता की शेजारचं बोलणं ऐकू येईना. सकाळी हे खाली उतरले आणि मला हाक मारली. मागची दोन्ही चाकं अर्धी जमिनीत गेली होती. मळा काळ्या मातीचा. आमच्या खानापूरकडे लाल माती, चिऱ्याची जमीन, पाऊस पडला की पाणी झिरपून जातं. ही काळी माती पाणी पिते, फुगते, आणि चाकाला लोण्यासारखी धरून ठेवते. ह्यांनी एकदा गाडी सुरू करून पाहिली, चाक जागेवरच फिरलं आणि आणखी वीतभर खाली गेलं. तिचा लेक म्हणाला, "काका, आता हात लावू नका. माती वाळू द्या. ओल्यात ट्रॅक्टर घातला तर तोही बसेल."

म्हणून आम्ही चार दिवस तिथं राहिलो.

धार काढून, जनावरांचं करून ती अकराला यायची. पहिल्या दिवशी ती माझ्याशी बोलताना मध्येच कानडीत जायची, शब्द आठवायला थांबायची. सासरी सगळे कानडी बोलणारे, मराठी बोलायला घरात कोणी नव्हतं. तिसऱ्या दिवशी माझ्या शेगडीवर भाकरी करत होती. माझा तवा लहान, परात लहान. तिनं पीठ मळलं, तळहाताच्या कडेनं गोळा फिरवला, थापली, तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं, आणि भाकरी फुगताना म्हणाली, "मेसच्या मावशींची भाकरी कशी गं, एका बाजूनं जाड असायची!" सगळं वाक्य मराठीत, कुठं न अडखळता. मी काही बोलले नाही. बोलले असते तर ती थांबली असती.

तिची सासू पंच्याऐंशीची. तिलाही गाडी बघायची होती. नातवानं आणि ह्यांनी दोन्हीकडून धरून तिला वर घेतलं. तिनं शेगडी पाहिली, पलंगाखाली वाकून पाहिलं, पाण्याच्या नळाला हात लावला आणि म्हणाली, "इदु नम्म जात्री गाडी!" ही तर आमची जत्रेची गाडी. मग तिनं सांगितलं, त्या बैलगाडीनं सौंदत्तीला यल्लम्माला जायच्या, जायला पाच दिवस, यायला पाच, वाटेत ओढ्याकाठी गाडी सोडायची, तिथं भाकऱ्या भाजायच्या. सून चहा घेऊन अंगणात उभी राहिली, ती तिथंच ऐकत राहिली. अंगणाला कंपाउंड नव्हतं म्हणून शेजारच्या मळ्यातल्या दोघीही आल्या. बेळगावात आमच्या भागात पूर्वी प्रत्येक दाराशी कट्टा होता, आता लोखंडी गेट आहेत आणि गेटला कुलूप. कट्टे पाडले तसं बायकांचं संध्याकाळचं बसणंही गेलं. नवं घर बांधणाऱ्यांनो, चार फुटांचा का होईना, एक कट्टा ठेवा.

ढग हटत नव्हते. सोलरवर फारसं काही येईना. आमची बॅटरी साध्या जातीची, ती अर्ध्याखाली उतरवायची नसते, नाहीतर लवकर मरते. म्हणजे हाताशी साधारण नऊशे वॅट-अवर. तिसऱ्या रात्री तेवढी वीज संपत आली. पंखा हवा की दिवा, असा प्रश्न आला. आम्ही पंखा ठेवला आणि दिवा मालवला. हे बाहेर तिच्या लेकाबरोबर बाजेवर झोपले होते. अंधारात आम्ही दोघी त्या पलंगावर, हॉस्टेलसारख्या.

तेव्हा तिनं पुराचं सांगितलं. पाणी चढत होतं तेव्हा आधी जनावरं सोडली, मग सासूला ट्रॅक्टरवर घातलं. ट्रंक राहिली. दहा दिवसांनी परत गेल्यावर ट्रंक गाळानं भरलेली होती. तिच्यात माझी कार्डं होती. तिनं ती एकेक सोडवून पत्र्यावर वाळत घातली. शाई सगळी वाहून गेलेली, एक अक्षर वाचता येत नव्हतं. "मग टाकलीस?" मी विचारलं. म्हणाली, "कशाला टाकू? कुठलं कोणतं ते मला पाठ होतं." मग बराच वेळ कोणीच बोललं नाही. पंख्याचा आवाज येत होता. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "जांबोटी, लग्नानंतरचं तुझं आडनाव काय गं?"

चौथ्या दिवशी ऊन पडलं. ह्यांनी मागच्या टायरमधली थोडी हवा काढली, चाकांपुढची माती फावड्यानं उतरती केली, त्यात उसाचं पाचट दाबून भरलं. लेकानं ट्रॅक्टर वाटेवरच्या घट्ट जमिनीवर ठेवून लांब दोर लावला. धक्का द्यायचा नाही, सावकाश ताण द्यायचा. गाडी निघाली.

आता वेळ थोडा आहे, म्हणून कामाचं तेवढं पटकन सांगते. काळ्या मातीत, आभाळ भरलेलं असताना, गाडी वाटेवरच ठेवा, शेतात घालू नका. जंगलात रात्री थांबू नका. आमच्या खानापूरच्या रानात अस्वलं आहेत, आणि त्यांना आपल्या स्वयंपाकाचा वास दुरून येतो. कोणाच्या दारात थांबलात तर पाणी विचारून घ्या आणि भांड्यांचं खरकटं पाणी त्यांच्या विहिरीकडे सोडू नका. शंभर लिटर पाणी दोघांना दोन दिवस पुरतं, आंघोळ अर्ध्या बादलीत झाली तर. आणि गॅसची वाट? खालून.

त्यानंतर आम्ही निपाणीकडे जाऊन राहिलो, हलशीकडे राहिलो. नंदगड आता धारवाडला लेकीकडे असते, तिच्याकडे जायचंय. पण परवा एक कार्ड आलं. कागवाडकडे आता माझा नंबर आहे, रोज रात्री बोलतो आम्ही, तरी तिनं 50 पैशांचं कार्ड टाकलं. कानडी वळणाचं तिचं मराठी अक्षर. लिहिलंय, "अंगणाच्या कोपऱ्यात दोन ट्रॉल्या मुरूम टाकून घेतलाय. रोलर फिरवलाय. गाडी रुतणार नाही. तरी चार दिवस राहायचंच."

टाकी आज सकाळीच भरली. उद्या पहाटे निघतोय आम्ही.

नमस्कार.